माझ्या आवाजात आलेला टँकर

घर पाडलं ते शेवंताकाकीचं. गेल्या मे महिन्यातला दुसरा मंगळवार, सकाळी अकराच्या सुमारास, ठाण्याजवळच्या दिव्यात. तिच्या घराबरोबर आमच्या चाळीची मागची अख्खी रांग गेली. घरांत माणसं असती तर जेसीबी आत शिरला नसता. माणसांना बाहेर काढलं माझ्या आवाजाने. मी तेव्हा डोंबिवलीत सुट्टीतल्या जादा क्लासला सातवीच्या पोरांना इतिहास शिकवत होते.

यातलं एकही वाक्य खोटं नाही. कसं ते सांगते.

आमच्याकडे नळ आहेत. पाणी टँकरने येतं. टँकर कधी येईल ते टँकरवाल्याच्या बापालाही ठाऊक नसतं. आणि नियम असा की माणशी एक हंडा, माणूस स्वतः रांगेत दिसला तरच. त्यामुळे टँकर आला की म्हातारे, पोटुशा बाया, ताप असलेली पोरं, सगळे बाहेर पडतात. भाकरी तव्यावर राहते. दारं उघडी राहतात. टँकर वळणावर दिसला की मला कोणीतरी हाक मारतं, मी बुद्धविहारातल्या माइकवर सांगते आणि चाळ रिकामी होते. आधी हे काम माझे वडील, अण्णा, करायचे. ते गेले, माइक माझ्याकडे आला. जयंतीचं निवेदन मी करते. लग्नात वंदना मी घेते. कोणी वारलं की उशाशी बसून वंदना मीच म्हणते. चाळीतल्या लोकांनी माझा आवाज असा आयुष्याच्या सगळ्या टोकांना ऐकलेला आहे. तो आला की उठायचं, एवढंच त्यांना माहीत.

त्या मंगळवारी रिक्षा आली. टपावर भोंगा. भोंग्यातून मी बोलले.

"टँकर आलाय, टँकर आलाय. नाक्यावर उभा आहे. सगळ्यांनी भांडी घेऊन या. घरात कोणी थांबू नका, आज एकच फेरी आहे."

विहाराचा माइक सोडून ही रिक्षातून कशी बोलतेय, असं एकानेही विचारलं नाही. का विचारतील? आवाज माझा होता ना.

नाक्यावर टँकर नव्हता. लोक हंडे घेऊन उन्हात उभे राहिले आणि मागच्या बाजूने जेसीबी शिरला. जागेवर एका बिल्डरचा डोळा आहे. कोर्टाचा मनाईहुकूम होता, माणसं आत असताना भिंतीला हात लावायची त्याची हिंमत नव्हती. मग त्याने माणसंच बाहेर काढली. लोक धावत परत येईपर्यंत शेवंताकाकीच्या घराची चूल, पलंग, नवऱ्याचा फोटो, सगळं एकाच ढिगात होतं. भिंत धरायला गेलेल्या एका पोराचा पाय त्यात सापडला. त्याची किंकाळी नाक्यापर्यंत ऐकू आली म्हणतात. त्याचा पाय अजून सरळ पडत नाही.

मी आले तेव्हा धूळ खाली बसलेली. लोकांचा राग नाही.

"आली बघा," शेवंताकाकी ओरडली. "आली टँकरवाली!"

"काकी, काय झालं?"

थोबाडीत बसली. दुसरी बसली. मग कोणी मागून केस धरले.

"काय झालं विचारते! बोंबलून बाहेर काढलंस आणि विचारतेस? किती मिळाले गं?"

"मी नव्हते. क्लासला होते मी, विचारा."

"तुझा आवाज मी ओळखत नाही? माझा नवरा गेला तेव्हा त्याच्या उशाशी कोण बसलेलं? कोणी म्हटलेली वंदना? तुझाच आवाज घेऊन गेला ना तो माणूस वर!"

तिने ढिगातली मूठभर माती उचलली. विटांचा चुरा, सिमेंट, चुलीतली राख. माझा जबडा एकीने दाबला आणि काकीने ती मूठ माझ्या तोंडात कोंबली.

"खा. माझ्या घराची आहे. खा."

मला श्वास येईना. आई मध्ये पडली. कोणाचा तरी हंडा तिच्या तोंडावर बसला, पुढचा दात तुटून ओठात घुसला. माझी आई. घोडबंदरला चार घरची भांडी घासून आलेली, त्या बायांबरोबर वीस वर्षं पाण्याच्या रांगेत उभी राहिलेली. तिचं रक्त बघून त्या थांबल्या. पण माफ कोणी केलं नाही.

शेजारच्या मुलाने रिक्षाचा व्हिडिओ काढलेला. त्याने तो माझ्या कानाला लावला. "ऐक," म्हणाला, "आणि मग बोल मी नव्हते."

मी ऐकलं. वाक्य संपवताना आवाज वर नेण्याची माझी सवय, अण्णांकडून आलेली. 'टँकर'नंतरचा माझा दम. मीच होते. अंगावर माणूस धावून आला तर हात उचलता येतो. आपणच आपल्यावर धावून आलो तर काय उचलायचं?

मग आठवलं.

दोन वर्षांपूर्वीचं. एका मैत्रिणीने सांगितलं, घोडबंदर रोडला एक आवाजाची कंपनी आहे, मराठी बोलणाऱ्या मुली हव्यात, गोष्टींची पुस्तकं वाचून घेतात. मी इस्त्रीची ओढणी घेऊन गेलेले. शर्वरी मॅडम नावाची बाई होती. तिने पूर्ण नाव विचारलं. मी सांगितलं. आडनावाला ती थांबली. लोक कुठे थांबतात ते आम्हाला पाठ असतं.

"मूळ गाव कुठलं गं?"

"साताऱ्याकडचं."

"हं." मग काचेच्या खोलीत बसवलं. थोडं वाचून घेतलं. "आवाज दणकट आहे. पण गोष्टींसाठी नको. गोष्टींना जरा घरंदाज आवाज लागतो. तू सूचना वाच."

दोन दिवस वाचलं. आकडे, गावांची नावं, 'सावधान', 'कृपया', 'ताबडतोब'. हसून, रडवेलं, कडक. अर्थ लागत नव्हता, मला वाटलं परीक्षा घेतायत. त्या वाक्यांच्या ढिगात एक वाक्य असं होतं: "हा आवाज माझा आहे आणि तो वापरण्याची मी पूर्ण परवानगी देते." ते पण मी वाचलं. मॅडम काचेपलीकडून म्हणाली, "छान. परत एकदा घेऊ. जरा हसून." मी हसून वाचलं.

मी उठल्यावर मॅडमने माइकवरचा स्पंज बदलला. सगळ्यांनंतर बदलतो, म्हणाली. माझ्याआधी बसलेल्या मुलीनंतर बदललेला नव्हता. मी बघितलेलं.

निवड झाली नाही, असं कळवलं. मी विसरून गेले.

आता मी परत तिथे निघाले. तोंडात अजून सिमेंटची चव होती. कंपनीचं ऑफिस एका टॉवरमध्ये आहे, खाली ऑफिसं, वर घरं. लिफ्टमध्ये शिरले. दार बंद झालं आणि वरून मी बोलले.

"डिलिव्हरी आणि घरकामासाठी आलेल्यांनी कृपया मागच्या लिफ्टचा वापर करावा."

माझ्याबरोबर एक बाई होती, कुत्रा घेतलेली. तिने माझ्या चपलांकडे पाहिलं. "ऐकू येत नाही का? मागची लिफ्ट."

"मॅडम, ती मी आहे."

"कोण?"

"ती बोलतेय ना, ती मी आहे."

तिने कुत्र्याला जवळ ओढलं आणि पुढच्या मजल्यावर उतरून गेली. माझ्या डोक्यात तेव्हा आई आली. याच रोडवर, अशाच टॉवरमध्ये भांडी घासते ती. तिनेही हा आवाज ऐकला असेल? ऐकून मागच्या लिफ्टकडे वळली असेल? मला सांगितलं नसेल? नंतर विचारलं. ऐकलेलं तिने. तिला वाटलेलं, पोरगी मोठ्या ठिकाणी लागलीय, लाजते म्हणून सांगत नाही. तिथल्या वॉचमनला अभिमानाने सांगायची, "माझी मुलगी आहे ती." आणि मग मागच्या लिफ्टने जायची.

ऑफिसात निखिल सर म्हणून मालक. माझ्याच वयाचा असेल, फार तर पाच वर्षांनी मोठा. त्याने मला खुर्ची दिली. पाणी दिलं. मला त्याच काचेच्या खोलीत नेलं, बाहेर लोक काम करतायत म्हणाला.

"रिलॅक्स. झालं काय ते नीट सांग."

मी सांगितलं. घरं, पाय, दात. तो मान हलवत होता.

"हे बघ, आम्ही काहीच टाइप करत नाही. क्लायंट टाइप करतो, कॉम्प्युटर बोलतो. त्याला हवं ते. शब्द त्याचे, आवाज आमचा."

"आवाज माझा."

"तुझा होता. आता वसुधाचा आहे." त्याने स्क्रीन फिरवला. तिथे बायकांची नावं होती, एकेका नावाखाली दोन शब्द. तन्वी, शालीन. ईशानी, प्रेमळ. आणि एक वसुधा. करडा, वस्तीसाठी. "तुला बदनाम नको करायला म्हणून नावही बदललं आम्ही. तुझं आडनाव कुठे येणारच नाही."

"माझ्या चाळीत माझाच आवाज कसा गेला?"

"क्लायंटला लोकल आवाज हवा होता. त्याच्या माणसाने सगळे ऐकले, वसुधा लागल्यावर म्हणाला हीच द्या. लोक ओळखीच्या आवाजाला बाहेर येतात ना." हे तो असं म्हणाला, जसा कोणी म्हणेल पावसाळ्यात छत्र्या खपतात. मग त्याने एक बटण दाबलं. त्या खोलीत मी हसून म्हणाले: "हा आवाज माझा आहे आणि तो वापरण्याची मी पूर्ण परवानगी देते."

"तूच म्हणालीस ना हे?"

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. शिव्या दिल्या, आईची दिली, बापाची दिली. घसा फाटेपर्यंत. तो ऐकत राहिला. शांत. जरा जास्तच शांत. आणि मला माइकवरचा रेकॉर्डिंगचा लाल दिवा दिसला.

"शर्वरी, आला का?" तो काचेकडे बघून म्हणाला. "क्लीन आलाय?"

"आलाय, सर."

माझ्याकडे वळून तो म्हणाला, खरंच खूश होऊन म्हणाला, "वसुधाकडे राग नव्हता गं आमच्या. आता झाला."

तिथे मी तोंड बंद केलं.

दात दातावर दाबून बंद केलं. माइकचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी उचलला आणि माइकवर घातला. मग स्क्रीनवर. मग काचेवर. काच एका दणक्यात नाही फुटत, तीन घातले. चौथ्याला ती अंगावर आली, मनगट उघडलं, रक्त कोपरापर्यंत. निखिल सर टेबलाखाली होता. वॉचमन आला, त्याने हात पिरगाळून मला खाली पाडलं, गुडघा पाठीत दिला. कोकणातला होता, बोलण्यावरून. "ताई, नोकरी आहे माझी," माझ्या कानात म्हणत होता आणि पिरगाळत होता. मला जिन्यावरून ओढत नेलं. प्रत्येक पायरी बरगडीला लागली. मी आई गं केलं नाही. ओय केलं नाही. तेही त्यांनी ठेवून घेतलं असतं.

तिथून चौकीत गेले. मनगटाला ओढणी बांधलेली.

"तक्रार काय?"

"आवाज चोरला माझा."

हवालदाराने पेन खाली ठेवलं. "मग आत्ता कशाने बोलतेस?"

हसले सगळे. बाकावर बसलेला, मोबाइल चोरीला गेला म्हणून आलेला माणूससुद्धा हसला.

"हे बघ पोरी, चोरी म्हणजे तुझ्याकडची वस्तू जायला पाहिजे. याचा मोबाइल गेला, याच्याकडे आता नाही. तुझा आवाज तुझ्या घशात आहे. काय गेलं तुझं?"

काय गेलं माझं?

त्याला सांगता आलं नाही. तुम्हाला सांगते. त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतला एक म्हातारा वारला. मला लहानपणी खांद्यावर घेऊन जयंतीची मिरवणूक दाखवणारा. वंदनेला मला बोलावलं नाही. कोणीतरी मोबाइलवर लावली. मी दारात उभी राहून ऐकलं, कोणातरी परक्या माणसाची, मागे पेटीबिटी वाजवलेली. माझ्या दारावरून प्रेत गेलं, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. पाण्याच्या रांगेत आईच्या मागेपुढे जागा सुटायला लागली. ही जागा सुटणं आम्हाला नवीन नाही. पण ती आजपर्यंत दुसऱ्यांनी सोडलेली. आपल्या माणसांनी पहिल्यांदा सोडली.

ते गेलं माझं. दाखवा म्हणालात तर दाखवता येत नाही.

जूनच्या सुरुवातीला रिक्षा परत आली. आता पुढची रांग हवी होती बिल्डरला. भर दुपार. मी दारात तांदूळ निवडत बसलेले. समोर निळ्या ताडपत्रीखाली शेवंताकाकी, दिवसभर माझ्या दाराकडे पाठ करून बसायची तशी बसलेली.

भोंगा बोलायला लागला.

"ताईंनो, मी बोलतेय. तुमचीच पोरगी बोलतेय. मागच्या वेळी चूक झाली, माझ्याकडून चूक झाली. माझा नाइलाज होता. आता खरी सोय केलीय. टँकर आलाय, नाक्यावर या. एकदा विश्वास ठेवा."

आवाज फाटलेला होता. गहिवरलेला. तो फाटणं मी ओळखलं. ते त्या खोलीतलं होतं, मी शिव्या दिल्या तेव्हाचं. माझ्या संतापातून त्यांनी माझी माफी बनवली. माझ्या तोंडून, माझ्याच लोकांसमोर, मी न केलेल्या गुन्ह्याची.

काकी वळली. भोंग्याकडे नाही, माझ्याकडे. मी सूप हातात धरून बसलेले. ओठ दाबलेले. उठून ओरडावंसं वाटत होतं, ती मी नाही, ती मी नाही. नाही ओरडले. तिला बघू दिलं.

ती उठून आली. माझ्यासमोर बसली. आपला तळवा तिने माझ्या तोंडावर ठेवला, त्याच मुठीचा तळवा, आणि दाबून धरला. बाहेर मी बोलतच होते. "मी तुमचीच. विश्वास ठेवा." तळव्याखाली माझे ओठ हलत नव्हते. दुसरा हात तिने माझ्या गळ्यावर ठेवला. गळाही हलत नव्हता.

"आई गं," ती म्हणाली. एवढंच.

मग ती ओरडली. तिचा आवाज कोणी कुठे भरून ठेवलेला नाही. "अगं बाहेर या! पोरीचं तोंड बघा! पोरगी इथे बसलीय, गप बसलीय! मेल्यांनी भूत केलंय तिचं!"

बाया आल्या. एकेकीने येऊन माझं तोंड बघितलं, मग कान भोंग्याकडे केला, मग परत तोंड. मग कळश्या उचलल्या गेल्या. हंडे. बादल्या. धुण्याची काठी. रिकामं भांडं किती जोरात बसतं ते ज्याला बसलंय त्यालाच माहीत.

रिक्षावाला पळायला लागला. "धर गो! पलतंय त्यो!" कोपऱ्यावरची आगरी मावशी ओरडली आणि तिनेच पहिली कळशी त्याच्या पाठीत घातली. तो म्हणत होता, मला पेनड्राइव्ह दिला, मी नुसता लावला, मला काय माहीत. नुसता लावला. सगळे नुसते लावतात. एक टाइप करतो, एक लावतो, एक गाडी चालवतो, एक जेसीबी फिरवतो, आणि घर आपोआप पडतं. त्याचं डोकं फुटलं. मी त्याला वाचवायला गेले नाही. हे मी लपवणार नाही.

भोंगा खाली ओढला तरी बोलत होता. काकीने तो दगडावर आपटला. शेवटी आतून 'विश्वास, विश्वास' असं अडकून अडकून यायला लागलं, मग तिने पाटा घातला.

आमच्यावर गुन्हा लगेच दाखल झाला. मारहाण आणि मालमत्तेचं नुकसान. तोच हवालदार, तेच पेन. भोंग्याचं बिल जोडलेलं होतं, रिक्षाचे कागद होते. भोंग्याला मालक होता. त्यातून जे बोलत होतं त्याला मालक नव्हता. हे कायद्याने मला लेखी दिलं.

मग शर्वरी मॅडमचा फोन आला. गोड.

"सर म्हणतात, तुझी मालकी आम्ही मान्य करू. रीतसर तुझ्या नावावर. प्रत्येक वेळी वापरला की तुझा हिस्सा. क्लायंटला सांगून ती केसही मिटवून टाकू. अगं, किती मुलींना अशी संधी मिळते?"

चाळीसाठी लढणाऱ्या आमच्या संघटनेतले लोक म्हणाले घे. आमची केस घेतलेले वकील म्हणाले घे. मालकी मान्य होतेय, ही पहिलीच वेळ असेल, घे. मी हो म्हणणार होते. खरं सांगते, हो हा शब्द तोंडात आलेला.

आई तोंड धूत होती. दाताच्या जागी अजून सूज होती. तिने चूळ टाकली आणि म्हणाली, "तुझ्या पणजोबाचाबी आवाज असाच होता म्हणं."

मग तिने सांगितलं. गावकीचं काम होतं आमच्याकडे. दवंडी. पाटलाने सांगायचं, पणजोबाने डफडं वाजवत ओरडायचं. मेल्याची वर्दी ओरडायची, शेतसाऱ्याची तारीख ओरडायची. आवाज त्याचा, हुकूम गावाचा. बदल्यात शिळी भाकरी. हिस्सा मिळायचा की त्यालाही! एका उन्हाळ्यात पाटलाने सांगितलं, दवंडी दे, महारांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी भरायचं नाही, भरलं तर हातपाय मोडू. पणजोबाने ती दवंडी आपल्याच महारवाड्यात, आपल्याच बायकोसमोर, आपल्याच पोरांसमोर दिली. शेवटच्या दारापर्यंत ओरडत गेला. तिथून परत आला आणि डफडं फोडलं. पाटलाला जाऊन सांगितलं, आता तुमचं तुम्ही ओरडा. त्यांनी त्याचा जबडा फोडला. वाकडं तोंड घेऊन तो मुंबईला आला. आयुष्यभर भाकरी पाण्यात भिजवून खाल्ली. पण परत कोणासाठी ओरडला नाही.

मी हे कधी ऐकलं नव्हतं. "आधी का नाही सांगितलंस?"

"लाज वाटायची," आई म्हणाली. "आता नाही वाटत."

मला तेव्हा कळलं मला काय देऊ करत होते. दवंडीवाल्याची जागा, पगारवाढीसकट. तू मालक हो, म्हणतात. मालक कशाला? विकता यावं म्हणून. ज्याला मालक असतो ते बाजारात उभं राहतं. आमच्या नावावर ना सातबारा, ना चाळीचा कागद. नाव, चेहरा, आवाज, चालायची ढब, एवढंच अंगाबरोबर आलेलं. त्यालाही कागद करा म्हणतात, म्हणजे मग सही करून घेता येईल. माझा हात माझा आहे, पण तो कापून तुमच्या घरी कामाला ठेवायचा करार मी करणार नाही. आवाजाचाही नाही.

मी फोन केला. "पुसा," म्हणाले.

"काय?"

"वसुधा पुसा. राग पुसा, माफी पुसा, आकडे पुसा. सगळं."

"ते आता शक्य नाही गं. आम्ही तो पुढे बऱ्याच जणांना दिलाय. कुठे कुठे वाजतोय, आम्हालाही माहीत नाही."

मग मी कोर्टात गेले. मारहाणीची केस माझ्यावर आहे, ती लढते आहे. माझी केस त्यांच्यावर आहे, तिला तारखा पडतायत. वकील म्हणतात, नुकसान किती झालं त्याचा आकडा सांग. मी आकडा सांगत नाही. मागणी एकच लिहिलीय: पुसा. पैसे मागितले तर ते पैसे देतील आणि मी वाजत राहीन. विहारातला माइक परत मी घेतला आहे. पण आता टँकर आला की मी आधी उंबऱ्यावर येऊन उभी राहते, लोक माझं तोंड बघतात, मग हंडे उचलतात. वेळ लागतो. लागू दे.

आणि आता तुम्ही. हे वाचणारे.

तुमच्या सोसायटीत, तुमच्या बँकेत, तुमच्या हॉस्पिटलच्या दारात एक बाई बोलते. कडक आवाजात. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाहेर काढायचं ते सांगते. तिला घर आहे, आई आहे, नाव आहे. तुम्ही आजवर तिला मशीन समजून ऐकलंत.

उद्या सकाळी सेक्रेटरीच्या दारात जा. मॅनेजरच्या टेबलासमोर उभे राहा. विचारा: ही कोण? तिला विचारलंत का? ही वाक्यं तिची आहेत का? उत्तर येत नसेल तर ती वायर उपटा. तुमच्या हाताने. मी विनंती करत नाही. ती मी असू शकते, आणि मी तिथे बोलायला तयार नाही.

उपटा.